वाचकांचे प्रश्न : मागचा वायपर बंद पडला, दोष स्विचचा की मोटरचा?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे मागच्या काचेच्या वायपरविषयीची आहेत. पहिल्या पत्रात उपस्थित झालेला मुद्दा इतर अनेक दुरुस्त्यांनाही लागू पडणारा असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझी हॅचबॅक गाडी नऊ वर्षे जुनी आहे. तिचा मागचा वायपर काही महिन्यांपासून अधूनमधून बंद राहू लागला आणि आता तो जवळजवळ कायमचाच बंद झाला आहे. स्टिअरिंगच्या बाजूच्या दांडीचे टोक फिरवले तरी मागचे पाते हलत नाही. मात्र दांडी पुढे ढकलली की मागच्या काचेवर पाणी व्यवस्थित उडते. टोक फिरवून ते बोटाने किंचित खाली दाबून धरले, तर पाते क्वचित एखादी फेरी मारते. पुढचे वायपर उत्तम चालतात. फ्यूज मी स्वतः काढून पाहिला, तो शाबूत आहे. एका मेकॅनिकने संपूर्ण कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगखालचा, दिवे आणि वायपर यांच्या दांड्यांचा जोडसंच) बदलण्यास सांगितले. दुसऱ्याने मागच्या दाराचे आतले आवरण काढून मोटरच्या कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लगला) मीटर लावला, तेथे १२ व्होल्ट दिसले, आणि ‘करंट येतो आहे, म्हणजे मोटरच गेली’ असा निर्वाळा दिला. आणखी एक गोष्ट आहे. तिचा याच्याशी संबंध आहे की नाही ते मला कळत नाही. पुढचे वायपर चालू असताना रिव्हर्स गिअर टाकला, की मागचा वायपर आपोआप चालतो. आता कोणाचे खरे मानावे?

उत्तर : संबंध आहे की नाही ते कळत नाही, असे म्हणून आपण पत्राच्या शेवटी जी गोष्ट लिहिली आहे, तीच या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. पाऊस पडत असताना गाडी मागे घ्यायची झाली, तर मागची काचही पुसली जावी, अशी सोय अनेक गाड्यांमध्ये केलेली असते. त्या वेळी मागच्या वायपरला मिळणारा हुकूम आपण फिरवलेल्या स्विचमधून येत नाही. पुढचे वायपर चालू आहेत आणि रिव्हर्स गिअर पडला आहे, या दोन गोष्टी ओळखून गाडीतील कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे इशारे घेऊन हुकूम देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, तो हुकूम स्वतः देते. पण हुकूम कोठूनही आला, तरी त्यापुढचा मार्ग एकच असतो. तोच फ्यूज, तोच रिले (बारीक इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा मॉड्यूलमधील तोच भाग, छताच्या कडेने मागे गेलेली तीच वायर, मागच्या दाराच्या बिजागरीजवळची तीच रबरी नळी, तोच कपलर, तीच मोटर आणि तेच अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेला करंटचा परतीचा मार्ग. म्हणजे रिव्हर्समध्ये वायपर नीट चालत असेल, तर एकही स्क्रू न सोडवता एवढा सगळा मार्ग निर्दोष ठरतो. संशय घेण्यासारखे उरते ते फक्त स्विचमधील पुसण्याचे संपर्कबिंदू, तेथून मॉड्यूलपर्यंत जाणारी बारीक वायर आणि मॉड्यूलचा हुकूम स्वीकारणारा भाग.

दोष अधूनमधून डोके वर काढणारा असल्यामुळे मात्र एकदा पाहून निष्कर्ष काढू नये. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद ठेवून चावी ‘ऑन’वर आणावी, मागची काच ओली करावी आणि पुढचे वायपर चालू ठेवून दहा वेळा रिव्हर्स टाकून पाहावा. त्यानंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून दहा वेळा दांडीचे टोक फिरवावे. दोन्हीची नोंद कागदावर करावी. रिव्हर्समध्ये दहापैकी दहा वेळा आणि स्विचवर एखादीच वेळ, असा हिशेब निघाला तर पुढचे काम स्विचकडेच आहे हे निश्चित समजावे. रिव्हर्समध्येही दोन-तीन वेळा चूक झाली, तर मात्र माझे वरचे म्हणणे बाजूला ठेवून पुढच्या प्रश्नाचे उत्तर वाचावे.

आता दुसऱ्या मेकॅनिकने पाहिलेल्या १२ व्होल्टकडे वळू. मीटरने खोटे सांगितलेले नाही, पण त्याला विचारलेला प्रश्न अपुरा होता. मागच्या वायपरच्या मोटरला बहुधा किमान तीन वायरी असतात. एक अर्थिंगची, एक चालू करण्याच्या हुकमाची आणि एक चावी ‘ऑन’ असेपर्यंत सतत पुरवठा देणारी. ही तिसरी वायर मुद्दाम सतत जिवंत ठेवलेली असते, कारण आपण स्विच बंद केला तेव्हा पाते काचेच्या मध्यावर असेल, तर ते कडेला नेऊन विसाव्याच्या जागी थांबवण्यासाठी मोटरला तेवढा वेळ वीज मिळावी लागते. या वायरीवर १२ व्होल्ट दिसणारच. स्विच चालू असो वा बंद. म्हणून कोणती वायर कोणत्या कामाची आहे हे गाडीच्या वायरिंग आराखड्यात पाहिल्याशिवाय, आणि स्विच चालू व बंद अशा दोन्ही स्थितींत वाचन घेऊन त्यांत फरक पडतो का हे तपासल्याशिवाय, त्या १२ व्होल्टवरून काहीच सिद्ध होत नाही.

आणि समजा, वायर हुकमाचीच होती, तरीही मीटरवरचा आकडा पुरेसा पुरावा ठरत नाही. मला हा मुद्दा मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण चांगल्या मोटरी आणि चांगले स्विच केवळ या गैरसमजामुळे काढून टाकले जातात. डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारणपणे १ कोटी ओहम असतो, त्यामुळे तो वाचन घेताना जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. ज्या वायरीचे सगळे पदर तुटून एकच पदर उरला आहे, किंवा ज्या संपर्कबिंदूवर कार्बन धरून ३ ओहमचा अडथळा तयार झाला आहे, त्यातूनही मीटरला पूर्ण १२.६ व्होल्ट दिसतात. मोटरला मात्र चालण्यासाठी काही अँपिअर करंट लागतो. चालताना ज्या मोटरचा रोध ४ ओहमच्या आसपास भरतो, तिच्या मार्गात हे ३ ओहम आले, तर बॅटरीच्या १२.६ व्होल्टपैकी मोटरच्या वाट्याला जेमतेम ७ व्होल्ट येतात, आणि ओल्या काचेवरचे रबर सरकवायला ते पुरत नाहीत. म्हणून मोटरला जाणाऱ्या वायरी तपासताना मोटर जोडलेली ठेवून, कपलरच्या मागच्या बाजूने पिना लावून वाचन घ्यावे. ते शक्य नसेल, तर मीटरऐवजी ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब जोडून पाहावा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. मार्ग निरोगी असेल तर लख्ख पेटतो आणि मार्गात अडथळा असेल तर लालसर, मंद राहतो. मीटर जे लपवतो ते हा बल्ब डोळ्यांना दाखवतो.

हाच बल्ब स्विचच्या बाजूला लावावा का? येथे फार जपून पावले टाकावीत. जुन्या रचनेच्या गाड्यांमध्ये मोटरचा पूर्ण करंट स्विचच्या बिंदूंमधून जातो, तेथे बल्ब लावण्यास हरकत नाही. आपल्या गाडीत रिव्हर्सची सोय आहे, म्हणजे स्विच बहुधा मोटर चालवत नाही, तो मॉड्यूलला केवळ बारीकसा इशारा देतो. अशा वायरीवर बल्ब जोडला, तर मॉड्यूलचा तो भाग जळू शकतो. तेथे मल्टिमीटरच वापरावा. अनेक गाड्यांमध्ये ही इशाऱ्याची वायर एरवी ५ किंवा १२ व्होल्टवर असते आणि स्विच फिरवला की ती अर्थिंगला जोडली जाऊन शून्याजवळ येते. दांडी फिरवल्यावर आकडा थेट ०.१ वर उतरला तर बिंदू स्वच्छ आहेत, तो ३ किंवा ४ व्होल्टवर लटकत राहिला तर बिंदूंवर थर बसला आहे, आणि मुळीच हलला नाही तर बिंदू जुळतच नाहीत, असे समजावे. काही स्विचमध्ये प्रत्येक स्थितीसाठी वेगळा रोध बसवलेला असतो आणि एकाच वायरीवर वेगवेगळे व्होल्ट दिसतात. अशा गाडीत आराखड्यातील आकड्यांशी ताळा घातल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

स्विचपर्यंत पोहोचण्यापूर्वी एक सूचना अत्यंत गंभीरपणे करावीशी वाटते. स्टिअरिंगच्या मध्यभागी एअरबॅग असते. आवरणे काढण्याआधी बॅटरीची ऋण तार काढावी आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. पिवळ्या कपलरना आणि पिवळ्या आवरणातील वायरींना मीटर, बल्ब किंवा पिन यांपैकी काहीही लावू नये. बऱ्याच गाड्यांमध्ये स्टिअरिंगचे चाक न काढता, खालचे-वरचे प्लास्टिक आवरण सोडवून, दोन स्क्रू किंवा दोन खिट्ट्या दाबून वायपरची दांडी बाहेर ओढता येते. आपल्या गाडीत चाक काढावे लागत असेल, तर ते काम प्रशिक्षित माणसावर सोपवावे.

दांडी हातात आली की मीटर ओहमवर ठेवावा. आधी मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवून वाचन पाहावे. ०.२ किंवा ०.३ ओहम येईल, तो तारांचा स्वतःचा रोध आहे आणि पुढच्या वाचनातून तो वजा करावा. मग आराखड्यानुसार पुसण्याच्या दोन पिनांना मीटरची टोके लावून दांडीचे टोक हळूहळू फिरवावे. चांगला बिंदू जुळला की आकडा अर्ध्या ओहमच्या आत येऊन स्थिर राहतो. त्यानंतर दांडी आपण पत्रात लिहिल्याप्रमाणे किंचित खाली, मग वर, मग आपल्याकडे अशी दाबावी आणि नजर आकड्यावरून हलू देऊ नये. मी तपासलेल्या अशाच एका स्विचमध्ये आकडा ०.४ वर होता. दांडीवरील बोटाचा दाब केसभर कमी करताच तो ३८ झाला आणि पुढच्या क्षणी मीटरने मार्ग तुटला असल्याची खूण दाखवली. दांडी जागची हलली आहे हे डोळ्यांना कळतही नव्हते. मीटरच्या ‘बीप’ आवाजावर मात्र विसंबू नये, कारण अनेक मीटर ३० ओहमपर्यंत किंवा त्याहूनही पुढे बीप देत राहतात.

आपण सांगितलेल्या खुणा या चित्राशी पूर्णपणे जुळतात. पाणी उडते, म्हणजे दांडीच्या आतील पाण्याचा बिंदू आणि बहुधा दोघांचा सामायिक मार्ग शाबूत आहे. दाबून धरल्यावर पाते फिरते, म्हणजे बिंदू झिजले आहेत किंवा त्यांना दाबून धरणारी पितळी पट्टी सैल पडली आहे. शेवटची खात्री करण्याचा सर्वांत स्वच्छ उपाय असा : एअरबॅगचे सर्व कपलर जागेवर असल्याचे पाहून, चालकाच्या आसनावर कोणालाही न बसवता बॅटरी पुन्हा जोडावी, आणि स्विचच्या सुटलेल्या कपलरमधील पुसण्याच्या दोन पिना, आराखडा समोर ठेवूनच, एका तारेने क्षणभर जोडाव्यात. तारेत एक छोटा फ्यूज बसवलेला असावा. पाते फिरले तर दोष स्विचमध्येच आहे, यात शंका उरत नाही. पाते फिरले नाही, तर दोष स्विचच्या पुढे आहे आणि शोध मॉड्यूलकडे जाणाऱ्या वायरीत किंवा मॉड्यूलच्या हुकूम स्वीकारणाऱ्या भागात घ्यावा लागेल.

स्विच उघडून साफ करावा का, असा प्रश्न आपल्या मनात येईल. तो उघडता येत असेल तर जरूर प्रयत्न करावा, पण आतील बारीक स्प्रिंग आणि गोळी उडून हरवतात, म्हणून काम एखाद्या पारदर्शक पिशवीत हात घालून करावे. काळे पडलेले जुने ग्रीस कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवावे, बिंदू कागदाने पुसावेत आणि संपर्कबिंदूंसाठी मिळणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. सँडपेपर वापरू नये. बिंदूंवरचा मुलामा निघून जातो आणि काही महिन्यांत दोष परत येतो. पट्टीच सैल झाली असेल, तर साफसफाईचा गुण टिकणार नाही. तेव्हा नवी दांडी घ्यावी, पण संपूर्ण कॉम्बिनेशन स्विच घेण्यापूर्वी वायपरची दांडी स्वतंत्र मिळते का याची चौकशी करावी. पुष्कळ गाड्यांमध्ये दिव्यांची दांडी आणि वायपरची दांडी हे वेगवेगळे भाग असतात. पहिल्या मेकॅनिकचे निदान बरोबर निघण्याची शक्यता अधिक आहे. फक्त त्याने ते मोजून सांगायला हवे होते.

प्रश्न : माझ्या गाडीचा मागचा वायपर चालू केला की तो अगदी हळू फिरतो किंवा थांबतो, आणि त्याच वेळी नंबरप्लेटचा दिवा लुकलुकतो. काचेवरचे बाष्प घालवणारा डीफॉगरही नीट तापत नाही. वायपरचा स्विच नवा बसवला, पण फरक पडला नाही. स्विच सदोष मिळाला असेल का?

उत्तर : स्विचला दोष देऊ नये. एकाच वेळी तीन उपकरणे बिघडली, तर प्रत्येकात स्वतंत्र दोष शोधण्याऐवजी त्या तिघांमध्ये सामायिक काय आहे हे पाहावे. येथे सामायिक आहे ते मागच्या दाराचे अर्थिंग आणि ज्या रबरी नळीतून वायरी गाडीच्या अंगातून दारात जातात ती जागा. अर्थिंग तुटले की मोटरमधून गेलेला करंट परतीचा दुसरा मार्ग शोधतो आणि बहुतेक वेळा एखाद्या दिव्याच्या तंतूतून परततो. दिवा लुकलुकण्याचे कारण हेच असावे.

तपासणी सोपी आहे. वायपर चालू ठेवून मीटरचे एक टोक गाडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूला आणि दुसरे मोटरच्या अर्थिंगच्या पिनेला लावावे. ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा अधिक वाचन आले, तर जेवढे व्होल्ट दिसतात तेवढे त्या परतीच्या वायरीत वाया जात आहेत. मग त्या पिनेपासून बॉडीपर्यंत एक जाड तार तात्पुरती जोडावी; वायपर तत्काळ जोमाने फिरू लागला, तर निदान पूर्ण झाले.

आता रबरी नळी दोन्ही टोकांनी सोडवून मागे सरकवावी. दार उघडताना-मिटताना प्रत्येक वेळी वायरी तेथेच वाकतात, आणि काही वर्षांत त्यांतील तांबे तुटते. वरून पाहून हे कळेलच असे नाही. एका गाडीत मी एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढत होतो. काळ्या वायरीचे आवरण अखंड दिसत होते, पण ओढताच ते रबरासारखे लांबले, कारण आतले तांबे आधीच तुटले होते. ती जागा कापून पाहिली तर पदरांच्या टोकांवर हिरवट भुकटी होती. अशी वायर सापडली तर ती तुटलेल्या जागीच जोडू नये. डाख दिलेला सांधा ताठ असतो आणि वाकण्याच्या जागेत तो काही दिवसांत पुन्हा तुटतो. नळीच्या पूर्ण लांबीचा नवा, लवचीक वायरीचा तुकडा घालावा, त्याचे दोन्ही सांधे नळीबाहेर, एक छताच्या आत आणि एक दारात येतील असे पाहावे, आणि अनेक वायरी बदलायच्या असतील तर सगळे सांधे एकाच ओळीत न आणता मागेपुढे ठेवावेत. एक वायर तुटलेली सापडली, की तिच्या शेजारच्याही तपासल्याशिवाय नळी बंद करू नये.

प्रश्न : मागच्या वायपरचा स्विच फिरवला की १५ अँपिअरचा फ्यूज उडतो. तीन फ्यूज गेले. २० चा घालून पाहावा का?

उत्तर : कृपया घालू नये. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. मोठा फ्यूज घातला तर तो शाबूत राहून वायर तापेल, आणि ती वायर छताच्या अस्तरामागून गेलेली असते. निळा फ्यूज १५ चा, पिवळा २० चा आणि लाल १० चा असतो. गाडीच्या पुस्तिकेत त्या जागी जो रंग सांगितला आहे तोच हवा.

फ्यूज स्विच फिरवताक्षणी उडतो की तीन-चार सेकंदांनी, हे आपण लिहिलेले नाही. ताबडतोब उडत असेल तर वायर कोठेतरी बॉडीला टेकली आहे. थोड्या वेळाने उडत असेल तर मोटर अडकली आहे, आणि त्याचे कारण बहुधा विजेचे नसते. काचेतून बाहेर येणारा मोटरचा दांडा गंजून जाम झालेला असतो. मोटरचा कपलर काढून स्विच फिरवावा. फ्यूज टिकला तर दोष मोटरमध्ये किंवा त्या दांड्यात आहे. उडाला तर वायरीत किंवा स्विचमध्ये आहे.

आणखी फ्यूज वाया घालवू नयेत. मोटरचा कपलर सुटाच ठेवून आणि त्या फ्यूजवरची इतर उपकरणे बंद करून, फ्यूजच्या जागी त्याच्या दोन पातींना २१ वॉटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेल तर स्विच फिरवताच बल्ब पूर्ण पेटेल, पण करंट दोन अँपिअरच्या आतच राहील, त्यामुळे वायर तापणार नाही. बल्ब पेटता ठेवून मागच्या दाराची रबरी नळी, आवरणाच्या कडा आणि दाराच्या कुलपाजवळची वळणे एकेक करून हलवावीत. ज्या ठिकाणी हात लागताच बल्ब विझेल, तेथे आवरण खरवडलेली वायर सापडेल.

प्रश्न : मागचा वायपर सलग चालवला तर चालतो, पण थांबून-थांबून चालण्याच्या स्थितीत कधी लगेच फिरतो, कधी फिरतच नाही. शिवाय बंद केल्यावर काचेच्या मध्येच थांबतो. स्विच बदलावा का?

उत्तर : या दोन तक्रारी वेगवेगळ्या ठिकाणच्या असू शकतात. मध्येच थांबण्याचे कारण शोधताना मोटरमधील विसाव्याच्या बिंदूकडे आणि वर सांगितलेल्या सतत पुरवठ्याच्या वायरीकडे आधी पाहावे. मोटरच्या गिअरला एक पितळी चकती असते, तिच्यात एका जागी खाच असते. ती खाच येईपर्यंत मोटरला पुरवठा मिळत राहतो. सतत पुरवठ्याच्या वायरीवर व्होल्ट नसतील, तर स्विच बंद करताक्षणी पाते असेल तेथे थांबते.

मध्यंतराचा अनियमितपणा मात्र वेळ मोजणाऱ्या भागाचा असू शकतो. रॉबर्ट कर्न्स यांना १९६७ मध्ये अमेरिकेत थांबून चालणाऱ्या वायपरचे पेटंट मिळाले. त्यांच्या रचनेत रोधामधून कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) हळूहळू भरत जातो आणि तो भरला की ट्रान्झिस्टर मोटर सुरू करतो. पुढे आलेले पुष्कळ रिलेही याच पद्धतीने वेळ मोजतात, आणि त्यांतील कॅपॅसिटर जुना झाला की वेळ भरकटते. आपल्या गाडीत हा भाग स्वतंत्र रिले असेल, तर तोच बदलून पाहावा. मॉड्यूलमध्ये असेल, तर आधी मध्यंतराच्या स्थितीतील स्विचचा बिंदू पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे मीटरने मोजावा, कारण तो बिंदू सलग चालण्याच्या बिंदूपेक्षा वेगळा असतो आणि एकटाच खराब होऊ शकतो.

प्रश्न : दोन वर्षांत मागच्या वायपरची मोटर दोनदा बदलली. प्रत्येक वेळी काही महिन्यांनी बंद पडते. स्विचमधून जास्त व्होल्ट जात असतील का?

उत्तर : स्विच व्होल्ट वाढवू शकत नाही, इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट असतील, तर ती शंका मिटते. मला पाण्याची शंका येते. अनेक गाड्यांमध्ये मागच्या काचेवर उडणारे पाणी मोटरच्याच पोकळ दांड्यातून जाते. त्या दांड्याच्या मागच्या टोकाला पाण्याची नळी जोडलेली असते, आणि तेथील सील गेले की पाणी मोटरमध्ये आणि तिच्या कपलरमध्ये झिरपते. जुनी मोटर अजून जवळ असेल तर ती उघडून पाहावी. आत गंज किंवा हिरवा-पांढरा थर दिसला तर कारण सापडले. काचेतून दांडा बाहेर येतो तेथील रबरी वायसर चिरला असेल, तर पावसाचे पाणीही त्याच वाटेने आत येते.

तिसरी मोटर बसवताना नळी आणि वायसर दोन्ही नवे घ्यावेत. दाराचे आवरण लावण्यापूर्वी मोटरखाली कोरडा पांढरा कागद धरावा, मागचे पाणी दहा-बारा वेळा उडवावे, मग बाहेरून काचेवर दांड्याच्या भोवती पाणी ओतावे. कागदावर एक जरी ओला ठिपका उमटला, तर आवरण लावू नये.